पहिली किक मालकाची

थांब बे रोशन. हात काढ त्या हँडलवरून. उद्याच्या मळणीसाठी इंजिन चालते का नाई ते पाहाचं आहे तर पाह्य, पण ते वाक्य बोलू नको. "मालक, पहिलं हँडल तुमी मारा." कोणता मालक? धानाचा मालक घरी गोधडीत शिरला आहे. इथी कापलेल्या धानाच्या पुंजण्यापाशी आपण तिघंच. तू, सोनू अन् मी. मंग तू बोलावलं कोणाले?

हासू नको. मस्करी नाई करून राह्यलो. बस इकडं. सोनू, शेकोटीत एक लाकूड सरकव अन् तो मोबाइल ठेव खिशात. डुकरं काही इतक्यात येत नाईत, राखण रातभर आहे. तुमाले एक गोष्ट सांगतो. ऐकीव नाई. सावली गावचा इस्तारी मिस्त्री, फटफट्या दुरुस्त करे तो, माझा दोस्त. मी तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली वीस वर्षं त्याच्या दुकानासमोर चाय पेलो. वारलू ड्रायव्हर खोटं बोलते असं कोणी म्हणत असंल तर म्हणू दे. बाकी त्यानं मले सांगतलं ते सांगतो, अन् शेवटचं तर म्या माझ्या डोळ्यानं पाहून आलो आहे.

दोन हजार बावीस साल. दिवाळी होऊन गेलती, हलकं, लवकरचं धान कापणीले आलतं. अशा एका दुपारी इस्तारी अन् त्याचा पोरगा प्रफुल पिकअप घेऊन पोंभुर्ण्याले गेले. काम साधं होतं. एक बंद पडलेली मोटरसायकल उचलून आणाची. सुकलू नावाच्या माणसाची होती, ग्रामपंचायतीत नळाले पाणी सोडाचं काम करे तो. बापाची गाडी आहे म्हणे, एकोणचाळीस वर्षं तणसाखाली, धानाच्या पेंढ्याखाली आहे, चालू करून द्या. बापाचा फोटो नाई घरात, निदान गाडीचा आवाज तरी ऐकू द्या मले.

इस्तारीनं तणीस बाजूले केलं अन् तो तिथीच उकिडवा बसला. बीएसए. इंग्रजायच्या देशात बनलेली, मिलिटरीच्या लिलावातली, एकाच सिलिंडरची. सीट उंदरायनं खाल्लेली, टायर वाळून चिरलेले, टाकीत नुसता जंग. पण इंजिन पुरं होतं. एक बोल्ट कमी नव्हता. इस्तारीचा बाप धिवर, तळ्यावर मासे मारे. जाळ्यात मोठी मरळ लागली की बापाचं तोंड जसं होई, तसं इस्तारीचं तोंड झालं, असं मले प्रफुलनंच सांगतलं होतं.

आता प्रफुलचं सांगतो, कारण खरं दुखणं तिथीच आहे. चोवीस वर्षांचा पोरगा. एकुलता एक. हात बापापेक्षा चांगला, पण मन दुकानात नाई. त्याले पुण्याच्या कंपनीत काम लागलं होतं. त्याची माय गिरजाबाई, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तिले म्हणे, पुण्याले जाऊन बसलो की पहिलं तुझ्या डोळ्यांचं काम. गिरजाबाई खूश. इस्तारीले मात्र ते नको होतं. पोरगा गेला की दुकान गेलं, अन् दुकान गेलं की इस्तारी कोण? बीएसए पाहली अन् त्याले वाटलं, ही गाडी पोराले गुतवून ठेवंल. तो प्रफुलले म्हणाला, "एवढी एक गाडी माझ्यासंगं उभी कर. ही चालू झाली की तू मोकळा."

हे वाक्य त्याले आजही झोपू देत नाई.

तर गाडी पिकअपमधे चढवून राह्यले होते अन् सुकलूची माय सोमारीबाई दारापाशी बाजेवर बसून पाहून राह्यली होती. साठी उलटलेली बाई. कपाळावर ठसठशीत कुंकू. तिचा नवरा गोपाल मुनशी, तेंदूपत्त्याच्या फडीवर, पत्ता गोळा करतात तिथी, हिशोब लिहिणारा मुनशी होता तो. डेपोत लाकूड पायावर पडून उजव्या पायाची कडेची दोन बोटं गेली होती. पंजावर जोर येत नसे, म्हणून गाडीले तो टाचेनं किक मारे. अन् बाईचं म्हणणं असं, की त्याच्या टाचेबिगर ती गाडी कोणालेच चालू होत नसे. भल्ले भल्ले पैलवान घाम गाळून गेले.

त्र्याऐंशी सालच्या कापणीत सुकलू सहा महिन्यांचा होता. एका संध्याकाळी त्याले ताप भरला, अंग नुसतं विस्तव. मुनशी औषध आणाले मूल गावाले निंगाला. जाताना म्हणाला, हॉर्न नाई वाजवणार, पोरगं दचकंल. दारावर तीनदा टाच मारीन, उघडशील. गेला. सकाळी गाडी सापडली, मूलच्या रस्त्यावर, नाल्याच्या पुलापाशी, मोहाच्या झाडाखाली. नीट स्टँडवर लावलेली. लाइट जळत होता. मुनशी नाई. वाघ म्हणावा तर रगत नाई, कपड्याची चिंधी नाई. सुकलूचा ताप आपोआप उतरला. बाप काही आला नाई. सोमारीबाईनं कुंकू पुसलं नाई, क्रियाकर्म होऊ देलं नाई, अन् एकोणचाळीस वर्षं रातची दाराले कडी लावली नाई. आला तर त्याले दाराबाहेर उभं राहाव लागू नये म्हणून.

गाडी बांधून झाली तेव्हा ती इस्तारीले एवढंच म्हणाली, "न्या भाऊ. चालू झाली तर मले ऐकवा. नाई झाली तरी माझी काही ओरड नाई."

वीस दिवस बापलेक त्या गाडीले चिपकून होते. इतकी वर्षं बंद गाडीले सरळ लाथ मारली की काम तमाम, हे तुमाले ठाऊक नसंल. पिस्टन आत धरून बसते. इस्तारीनं प्लग काढून आत तेल अन् डिझेल ओतलं, चार दिवस तसंच ठेवलं, मंग मागचं चाक हातानं फिरवत फिरवत उलसं उलसं सोडवलं. खालचं तेल काढलं तर ते डांबरावाणी घट्ट. टाकीत मूठभर नट टाकून दोघं अंगणात टाकी हालवत बसत, जंग निंगेस्तोवर. क्लचच्या प्लेटा एकमेकीले चिकटलेल्या, त्या सोडवल्या. ठिणगी देणारा मॅग्नेटो प्रफुलनं स्वतः नागपूरले जाऊन भरून आणला. टायर, ट्यूब, वायरी, बॅटरी, सारं नवं. प्लग तर म्याच चंद्रपूरवरून आणून देलता. त्या दिवसांत पोरगा रंगला होता बरं. बापाशी हासून बोले. इस्तारीले वाटलं, जिंकलो.

पण पुण्याले सोमवारी हजर व्हाचं होतं. शनिवारची सकाळची सहाची बस. गिरजाबाईनं बॅग भरून दारात ठेवली होती.

शुक्रवार, अठरा नोव्हेंबर. गाडी तयार. ठिणगी निळी पडे, पेट्रोल उतरे, दाब असा की किकवर उभं राहाव लागे. अन् चालू होईना. सुकलू दुपारीच येऊन बसला होता. त्यानं मारल्या, प्रफुलनं मारल्या, शेजारच्यायनं मारल्या. एक ठोका नाई. संध्याकाळच्या शेवटल्या गाडीनं सुकलू निंगाला, म्हणाला झाली तर फोन करा, कितीही वाजता करा. इस्तारीनं परत सारं खोललं, परत सारं लावलं. नऊ वाजले. दहा. अकरा. प्रफुल म्हणाला, बाबा, राहू द्या आता, मले सकाळी बस आहे. इस्तारी म्हणाला, गाडी चालू झाल्याबिगर बस नाई. असं म्हणाला तो. स्वतःच्या पोराले.

गिरजाबाई ताटं वाढून घेऊन आली. दुकान म्हणजे घरासमोरचं टिनाचं शेड, मधात फक्त अंगण. प्रफुल कोपऱ्यात बादलीपाशी हात धूत होता, पाठ गाडीकडं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. समोर घड्याळ आहे, इस्तारीले पक्कं याद आहे.

आता मिस्त्री लोकायची एक रीत असते, तुमी पाहली असंल. इंजिनचं काम झालं की मिस्त्री स्वतः गाडी पळवत नाई. फडक्याले हात पुसते, सीटवर थाप मारते, एक पाऊल मागं सरकते अन् गिऱ्हाइकाले म्हणते, मालक, मारा किक. काम झालं, गाडी तुमची, पहिला मान तुमचा. इस्तारी हे तीस वर्षं म्हणत आलता. दिवसातून चारदा. जिभेलेच वळण पडलं होतं त्याच्या. त्यानं शेवटचा बोल्ट आवळला. फडक्याले हात पुसले. सीटवर थाप मारली. मागं सरकला.

"मालक, मारा किक."

समोर कोणीच नव्हतं.

त्याचं त्यालेच हासू आलं. गिरजाबाई बी हासली, म्हणाली, कोणाले म्हणून राह्यले? तेवढ्यात बादलीचा आवाज थांबला. प्रफुल उठला. ओले हात तसेच. गाडीपाशी आला. बापाकडं पाहलं नाई, मायकडं पाहलं नाई. हँडलवरची बारकी मूठ मागं घेतली, दुसरी दाबली. या गाडीले ठिणगी मागंपुढं कराची एक मूठ असते, ती किती घ्याची हे इस्तारीले वीस दिवसांत उमगलं नव्हतं. पोरानं ती पाहल्याबिगर घेतली. मंग चप्पल काढली. उजवा पाय उचलला...

अन् टाच टेकवली.

पंजा नाई. टाच.

एकच किक. डग... डग... डग... अख्खं शेड हालाले लागलं. टिनावरची धूळ खाली आली. इस्तारी रडला, मले म्हणे भाऊ, मी लहान लेकरावाणी रडलो. त्या खुशीत त्यानं टाच पाहली अन् पाहून सोडून देली. थकला असंल पोरगा, पंजा सुजला असंल, असं त्याले वाटलं. आपल्याले जे पाहाचं नसते ना, त्याले आपण लवकर कारण शोधतो.

प्रफुल गाडीवर बसला. इस्तारी ओरडून म्हणाला, नाक्यापर्यंत जा अन् फिरव. गाडीचा गियर उजव्या पायाले, आपल्या गाड्यायच्या उलटा. पोरानं तो सहज टाकला. गेला.

दोघं नवराबायको रस्त्यावर उभं राहून आवाज ऐकत होते. नाका आला. आवाज फिरला नाई. पुढं गेला. मूलच्या अंगानं गेला. बारीक होत गेला, होत गेला, मंग कुत्र्यायचं भुकणं तेवढं राह्यलं. गिरजाबाई म्हणाली, पोट्ट्याले मजा आली वाटते, ताट झाकून ठेवते. इस्तारीनं फोन लावला. रिंग दुकानातच वाजली. फोन पान्ह्यायच्या पेटीवर पडला होता.

पावणेबारा. बारा. सव्वाबाराले इस्तारीनं आपली स्प्लेंडर काढली.

मूलपर्यंत काही नाई. पेट्रोल पंपावरच्या माणसाले विचारलं. तो म्हणाला, हो, एक जुनी गाडी गेली पोंभुर्ण्याच्या रस्त्यानं, पोरगा अनवाणी होता, हात केला तरी पाहलं नाई. पोंभुर्ण्याच्या रस्त्यानं काऊन? इस्तारीले काही समजेना. मंग वाटलं, सुकलूले दाखवाले गेला असंल. हेच असंल. दुसरं काय असंल?

तुमाले तो रस्ता ठाऊक आहे. मूल सुटलं की जंगल. वाघाचा मुलूख. रातचं तिथून एकटं कोणी जात नाई. चांद निंगाले अजून वेळ होता. थंडी अशी की हात हँडलवर बधिर. इस्तारी जाऊन राह्यला होता अन् तोंडानं पोराले शिव्या देऊन राह्यला होता. शिव्या देल्या की भेव कमी लागते.

एक वाजून दहा मिनिटं.

समोर उजेड दिसला. एकच. पिवळा. मिणमिणता. त्या गाडीचा लाइट सहा व्होल्टचा, इस्तारीनं स्वतः जोडलेला, त्यानं लगेच वळखला. मंग आवाज आला. डग... डग... डग... पोरगा वापस येत होता. इस्तारीच्या जिवात जीव आला. त्यानं आपली गाडी बाजूले घेतली, उभा राह्यला. आता तोंडावर दोन थापडा देईन, मंग पोटाशी धरीन, असं त्यानं ठरवलं होतं. थापडा दोनच, असं बी ठरवलं होतं.

उजेड आला. जवळ आला. अजून जवळ.

दोनशे पावलांवर... थांबला.

इंजिन चालू. उजेड जागच्या जागी. इस्तारीनं हाक मारली, "प्रफुल." काही नाई. परत हाक मारली. इंजिन बंद झालं.

मंग काहीच नाई. रातकिडे नाई. पानाचा आवाज नाई.

तो गाडी ढकलत चालत गेला. चालू करून जाव, हे त्याले सुचलंच नाई. दीडशे पावलं. शंभर. उजेड डोळ्यावर. मागचं काही दिसेना. पन्नास. "प्रफुल... बोल ना बे." दहा.

गाडी स्टँडवर होती. नीट लावलेली. लाइट जळत होता. सीट गरम. सायलेन्सर तडतड थंड होऊन राह्यला होता.

कोणी नाई.

वर मोहाचं झाड. खाली नाल्याचा पूल.

इस्तारी ओरडला. पुलाखाली उतरला. मोबाइलच्या टॉर्चनं रेती पाहली. नाल्यात ओली रेती होती, पाखराचा पाय पडला तरी उमटावा अशी. एक पाऊल नाई. अर्धा तास, एक तास, त्याले ठाऊक नाई. घसा बसला. मंग त्याले सुचेना काय कराव, म्हणून तो पोंभुर्ण्याले गेला. सुकलूच्या घरचा दिवा लागलेला होता. मायलेक दोघं जागे. दाराले आतून कडी होती. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

सुकलूनं कडी काढली. सोमारीबाई जमिनीवर बसली होती, भिताडाले टेकून. इस्तारीनं विचाराच्या आत तीच बोलाले लागली. पावणेएकच्या सुमाराले आवाज आला म्हणे. वळखीचा. गाडी दाराशी थांबली. मंग दाराच्या खालच्या फळीवर टाच वाजली. एक. दोन. तीन. ती उठली. बाजेवरून दारापर्यंत चार पावलं. फटीतून पाहलं. दारात तुमचा पोरगा उभा होता. हाताले ग्रीस. उभा राहाची तऱ्हा मात्र माझ्या नवऱ्याची, उजव्या टाचेवर भार देऊन.

"त्यायच्याच आवाजात बोलले भाऊ. सोमारी, औषध आणलो. पोराचा ताप उतरला काय?"

चाळीस वर्षं वाट पाहलेली बाई, अन् दारात नवरा. मधात फळीचं दार, त्याले कडी बी नाई. नुसतं लोटलं असतं तर आत आला असता. तिच्या मागं सुकलू उभा होता, ज्याले ताप होता तो सुकलू, डोक्याचे केस पिकाले लागलेला.

तिनं कडी लावली.

"म्या आतून म्हणलं, पोरगं बरं झालं. तुमची वाट पाहून पाहून बरं झालं. आता तुमी जा. अन् हे अंग ज्याचं आहे त्याले वापस देऊन जा, त्याची माय बसली असंल." मंग म्हणाली, "उलसा वेळ उभे राह्यले. मंग गाडी चालू झाली अन् तुमच्याच रस्त्यानं गेली. म्या तुमच्या पोराले तुमच्याकडं धाडलं होतं भाऊ. पोचला ना तो?"

इस्तारी उंबरठ्यावरच बसला. सुकलूनंच विचारलं, गाडी कुठी आहे? मोहाच्या झाडाखाली, पुलापाशी, असं इस्तारी म्हणाला, अन् सोमारीबाईनं पदर तोंडात घातला. दोनशे पावलं. पोरगा बापापासून दोनशे पावलांवर होता.

पंधरा दिवस जंगल पालथं घातलं. गावचे लोक, जंगलखात्याचे लोक, मी बी होतो. वाघाचा माग नाई, रगत नाई. अंगावरच्या शर्टाची गुंडी नाई. गाडी पोलिसायनं नेली, मंग सुकलूले देली, त्यानं परत तणसाखाली टाकली. पुण्याची बॅग दारातच होती. गिरजाबाई कोणाले हात लावू देईना. तिनं बी कडी लावणं सोडलं. रोज दोन ताटं वाढे अन् एक झाकून ठेवे. इस्तारीनं दुकान बंद केलं. तो घरात बसून राहे, अन् रस्त्यानं कोणाची फटफटी गेली की त्याचं तोंड पाहावत नसे.

असं साल गेलं. पुढच्या कापणीत सोमारीबाई एसटीनं सावलीले आली, एकटी. गिरजाबाईपाशी बसली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. म्हणाली, "बाई, म्या केलं ते तू करू नको. त्यायचं कर्म केलं नाई, वाट पाहत बसली, अन् चाळीस वर्षं त्यायले रस्त्यावर उभं ठेवलं. रस्त्यावर होते म्हणून तुझ्या पोरापर्यंत आले. आता मी माझ्या घरी करून राह्यली. तू तुझ्या घरी कर. पोराले रस्त्यावर नको ठेवू."

गिरजाबाईनं अजून दोन दिवस ताट झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी हो म्हणाली. एकाच राती दोन्ही घरी कराचं ठरलं. आपल्याकडं कसं करतात, ठाऊक आहे ना? राती जमीन सारवाची, त्यावर बारीक पीठ चाळून पसरवाचं, मधात दिवा ठेवाचा अन् वरून टोपली झाकाची. खोलीत कोणी जाचं नाई. सकाळी टोपली उचलून पाहाची, पिठात कशाचं पाऊल उमटलं. मंग आलेल्याले जेवाले वाढाचं. आला, जेवला, सुटला.

मी त्या राती इस्तारीच्या अंगणात होतो. मानाचे चार लोक होते. गिरजाबाईनं झिंग्याची भाजी केली होती, पोराले आवडे म्हणून. रातभर घरात आवाज नाई. पाखरू नाई. मांजर येऊ नये म्हणून खिडकी बंद, दाराशी इस्तारी बसलेला.

सकाळी सुकलूचा फोन आला. त्यायच्याकडं पीठ कोरंच राह्यलं. मुनशी आला नाई.

मंग इस्तारी अन् गिरजाबाई आत गेले. मी दारात उभा. इस्तारीनं टोपली उचलली. दिवा विझला होता. गिरजाबाई गुडघ्यावर बसली, तोंड पिठाच्या एकदम जवळ नेलं. पण डोळे कुठी होते तिले? डोळ्यांचं काम पुण्याच्या पहिल्या पगारावर होणार होतं. काहीतरी उमटलं आहे एवढंच तिले दिसलं. तिनं वर पाहलं, नवऱ्याकडं.

"प्रफुलचंच आहे ना हो?"

इस्तारी पाहत होता. मी पाहत होतो.

"हो," इस्तारी म्हणाला. "त्याचंच आहे."

गिरजाबाई मोठ्यानं रडली. रडत रडत उठली, ताट आणलं, त्या पावलापुढं ठेवलं, अन् जेव बापा, जेव, पोटभर जेव, म्हणत बसली. त्या दिवसापासून ती रोज तिथी ताट ठेवते. ती जागा तिनं परत सारवू देली नाई. माझा पोरगा घरी आला आहे, असं सांगते सगळ्यायले. आता रातची दाराले कडी लावते, अन् झोपते बी. इस्तारी नाई झोपत. तो अंगणात बसून राहते.

मी मागच्या शुक्रवारी गेलो होतो. पीठ पिवळं पडलं आहे, पाऊल तसंच आहे. उजव्या पायाचं. दारातून आत येणारं. टाच खोल रुतली आहे, पंजा जेमतेम टेकला आहे. अंगठा, अन् त्याच्या बाजूले दोन बोटं. कडेची जागा कोरी आहे.